गळतीचे मूळ शोधताना : जुन्या मोटारी आणि पावसाचे पाणी

पावसाळ्यातील पहिले दोन-तीन मोठे पाऊस होऊन गेले की जुन्या मोटारींच्या मालकांसमोर एक ओळखीचा प्रश्न उभा राहतो. सकाळी गाडीचे दार उघडताच कुबट वास येतो. चालकाच्या पायाखालची चटई उचलली की तिच्याखालचा नमदा पाण्याने भिजलेला आढळतो. समोरच्या काचेला आतून बाष्प धरलेले असते. गाडी रात्रभर एका जागी उभी होती, काचा वर होत्या, दारे नीट लावलेली होती. मग हे पाणी आले कोठून?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वीच बहुतेक ठिकाणी उपाय सुरू होतात. बाजारातून सिलिकॉनची नळी आणली जाते आणि समोरच्या काचेभोवती तिचा जाड थर दिला जातो. पुढच्या पावसात नमदा पुन्हा भिजतो. मग दुसऱ्या ठिकाणी थर, नंतर तिसऱ्या ठिकाणी. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार होतो. गळतीचे मूळ शोधण्याची एक निश्चित पद्धत आहे. त्यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. संयम आणि योग्य क्रम मात्र लागतो.

कोणत्या गाड्यांचा हा प्रश्न आहे?

भारतात जुनी मोटार म्हटली की दोन नावे प्रथम आठवतात. पहिली ॲम्बेसिडर. ब्रिटनमधील मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवर आधारलेली ही गाडी पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथील कारखान्यात १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून २०१४ पर्यंत तयार होत होती. दुसरी फियाट. इटालियन आराखड्याची फियाट ११०० डी ही गाडी १९६४ पासून मुंबईतील कुर्ला येथे तयार होऊ लागली आणि पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने देशभर पोहोचली. या शतकाच्या आरंभी तिचे उत्पादन थांबले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमधील शेवटच्या पद्मिनी २० वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून निवृत्त झाल्या. कोलकात्यातील पिवळ्या ॲम्बेसिडर टॅक्सींची संख्याही वयोमर्यादेमुळे घटत गेली आहे.

आज या गाड्या उरल्या आहेत त्या मुख्यतः घराघरांत आणि संग्राहकांकडे. वडिलांनी किंवा आजोबांनी घेतलेली गाडी म्हणून ती अनेकांनी जपली आहे. अशा गाडीचे इंजिन पुन्हा बांधता येते. गिअरपेटी, ब्रेक, विजेच्या तारा दुरुस्त करता येतात. गंजून गेलेला मूळ पत्रा मात्र परत मिळत नाही.

प्रश्न केवळ ओल्या चटईचा नाही

जुन्या काळातील अनेक मोटारींना ट्रकसारखी स्वतंत्र चौकट असे आणि तिच्यावर वरचा सांगाडा बसवलेला असे. ॲम्बेसिडर आणि पद्मिनी यांची रचना तशी नाही. या दोन्ही गाड्यांमध्ये तळाचा पत्रा, दारांखालच्या पोकळ तुळया, दारांमधील खांब आणि छप्पर हे सारे एकमेकांना जोडून एकसंध सांगाडा तयार होतो आणि गाडीचा भार तोच पेलतो. त्यामुळे पायाखालचा पत्रा गंजला तर केवळ जमिनीला भोक पडत नाही; गाडीची हाडेच कमकुवत होतात. दार उघडल्यावर किंचित खाली येते आणि बंद करताना उचलावे लागते. याचे कारण कधी केवळ झिजलेली बिजागरी असते, तर कधी दाराखालची गंजलेली तुळई.

गंजासाठी लोखंड, पाणी आणि प्राणवायू एवढ्याच गोष्टी पुरेशा असतात. क्षार मिसळले की ही क्रिया वेगाने होते. म्हणूनच कोकण, गोवा, केरळ किंवा ओडिशाच्या किनाऱ्यावरील गाड्या कोरड्या प्रदेशातील गाड्यांपेक्षा लवकर गंजतात. शिवाय गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा लागते. दोन पत्रे ठिपक्या-ठिपक्यांनी वेल्डिंग करून जोडलेले असतात, तेथील फटीत पाणी शिरले की गंज फुगतो आणि जोडच उकलू लागतो. बाहेरचा रंग तोपर्यंत चकचकीत दिसत असतो.

याला कायद्याचीही एक बाजू आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत सुधारणा करून व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीची तरतूद केली. पन्नास वर्षांहून अधिक जुने, मूळ स्वरूपात जपलेले आणि चेसिस, बाह्य सांगाडा किंवा इंजिन यांत मोठे फेरबदल न झालेले दुचाकी वा चारचाकी वाहन या व्याख्येत बसते. अशा वाहनाच्या नव्या नोंदणीसाठी २० हजार रुपये आणि पुनर्नोंदणीसाठी ५ हजार रुपये शुल्क ठरवण्यात आले. म्हणजे १९७० च्या दशकाच्या आरंभीची फियाट आज या वर्गात येऊ शकते. मात्र तिचे मोल तिच्या मूळ पत्र्यात आहे आणि तो पत्रा राखायचा असेल, तर पाण्याची वाट वेळीच शोधली पाहिजे.

मोटार ही बंद डबी नव्हे

जुनी मोटार पूर्णपणे जलरोधक असते, हा समज मुळातच चुकीचा आहे. या गाड्यांची कल्पना कौलारू घरासारखी करावी. कौलांमधून थोडे पाणी झिरपणार, हे बांधणाऱ्याला ठाऊक असते. ते उताराने वाहून पन्हळीत जावे आणि अंगणात पडावे, अशी त्याची योजना असते. आढ्याचे पाणी वळचणीला जायचेच. वळचण मोकळी आहे ना, एवढेच पाहायचे असते.

दाराचे उदाहरण घेऊ. काच वर-खाली होण्यासाठी दाराच्या वरच्या कडेला फट असते. तिच्या दोन्ही बाजूंना मखमली किंवा रबरी पट्टी असते. पण ती सगळे पाणी अडवत नाही आणि तशी अपेक्षाही नसते. काचेवरून ओघळलेले पाणी दाराच्या पोकळीत उतरते आणि तळाशी असलेल्या लहान छिद्रांतून बाहेर पडते. छप्पराच्या कडेची पन्हळ, समोरच्या काचेखालील खोलगट भाग, डिकीच्या झाकणाभोवतीचा खाच्यासारखा मार्ग, या साऱ्यांचे काम हेच: आलेल्या पाण्याला बाहेरची वाट दाखवणे.

हे पाणी थोडेथोडके नसते. ॲम्बेसिडरची लांबी सुमारे ४.३ मीटर आणि रुंदी सुमारे १.६५ मीटर आहे. म्हणजे वरून पाहिल्यास ती सुमारे ७ चौरस मीटर जागा व्यापते. मुंबईत किंवा कोकणात एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडणे नवलाचे नाही. अशा दिवशी उघड्यावर उभ्या असलेल्या एका गाडीवर सुमारे ७०० लिटर पाणी पडते. त्यातील शंभरावा हिस्सा जरी वाट चुकला, तरी सात लिटर पाणी आत जमते.

म्हणून गळतीचा विचार करताना दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. पाणी नको त्या ठिकाणाहून आत येत आहे का, हा पहिला. योग्य मार्गाने आलेले पाणी बाहेर पडायचे थांबले आहे का, हा दुसरा. दुसरा प्रश्न बहुतेकांच्या ध्यानात येत नाही आणि अनेक गाड्या त्यामुळेच गंजतात.

दिसते एकीकडे, शिरते दुसरीकडे

पाणी जेथे साचलेले दिसते ते गाडीतील सर्वांत खोल ठिकाण असते. ते तेथूनच आत आले असेल असे नाही. छप्पराच्या आतील कापडामागून पाण्याचा थेंब खांबातून खाली उतरतो, दाराखालच्या तुळईवरून पुढे सरकतो आणि चालकाच्या टाचेखाली प्रकट होतो. गाडी उतारावर उभी असेल, तर पुढच्या काचेतून आलेले पाणी मागच्या आसनाखाली सापडते.

शिवाय पाणी नेहमी वरून खालीच जाते असेही नाही. केसाएवढ्या बारीक फटीत ते केशाकर्षणाने काही सेंटिमीटर वर चढू शकते. पत्र्याच्या खालच्या बाजूला चिकटून ते आडवे सरकत जाते आणि एखादी कड लागली की तेथे गळते.

गाडी चालू असताना आणखी एक कारण जोडले जाते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीच्या पुढच्या भागावर वाऱ्याचा जो दाब येतो, तो सुमारे १७ मिलिमीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाएवढा असतो. ताशी ८० किलोमीटरला तो सुमारे ३० मिलिमीटरपर्यंत जातो, कारण हा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. उभ्या गाडीत न गळणारे काचेचे रबर महामार्गावर गळू लागते, त्याचे हे कारण आहे.

पहिली पायरी : निरीक्षण

साधने हाती घेण्यापूर्वी पाणी केव्हा येते याची काही दिवस नोंद ठेवावी. या नोंदीवरून शोधाचे क्षेत्र बरेच लहान होते.

१. गाडी उभी असताना, पावसात पाणी आल्यास काचांची रबरे, छप्पराची पन्हळ, काचेखालचा खोलगट भाग आणि डिकीचे झाकण यांचा संशय घ्यावा.

२. केवळ पावसात गाडी चालवतानाच पाणी आल्यास समोरच्या काचेचे रबर, पुढच्या दारातील त्रिकोणी काच आणि इंजिन व बैठक यांमधील पत्र्यातून जाणाऱ्या तारांची छिद्रे पाहावीत.

३. पाऊस थांबल्यावर, ओल्या रस्त्यावरून जातानाही पाणी येत असल्यास ते खालून येत आहे. चाकांनी उडवलेले पाणी तळाच्या पत्र्यातील छिद्रातून, निघालेल्या रबरी बुचातून किंवा चाकावरील कमानीच्या जोडातून शिरते.

४. पाऊस नसताना, वातानुकूलन चालू ठेवल्यावर पाणी आल्यास तो पावसाचा दोष नव्हे. या गाड्यांना नंतर बसवलेल्या वातानुकूलन यंत्रातून पाणी बाहेर नेणारी नळी तुंबलेली किंवा निसटलेली असते.

५. पाणी चिकट, रंगीत किंवा गोडसर वासाचे असल्यास ते रेडिएटरचे शीतक असू शकते. हिटर बसवलेल्या गाड्यांत, विशेषतः डोंगराळ भागात, ही शक्यता तपासावी.

दुसरी पायरी : गाडी रिकामी आणि कोरडी करणे

ओल्या गाडीत नवी गळती दिसत नाही. म्हणून आसने, चटया आणि नमदा बाहेर काढावा. नमदा वरून कोरडा वाटला तरी आत अनेक दिवस पाणी धरून ठेवतो. दारांची आतील आच्छादने आणि डिकीतील पुठ्ठे काढून ठेवावेत. बॅटरीची जोडणी सोडावी. मग फडक्याने पुसून, पंख्याचा वारा देऊन पत्रा पूर्ण कोरडा करावा.

कोरड्या पत्र्यावर खडूची भुकटी किंवा साधी टाल्कम पावडर पातळ भुरभुरावी. पाण्याचा एक थेंब जरी वाहिला, तरी पांढऱ्या थरावर त्याची वाट उमटते. त्या रेषेचा वरच्या दिशेने माग काढला की उगमाच्या जवळ पोहोचता येते. पावडर नसल्यास वर्तमानपत्राचे कागद अंथरले तरी ओल कोठे पडली ते कळते.

तिसरी पायरी : पाणी सोडून पाहणे

या परीक्षेला दोन माणसे लागतात. एक बाहेर पाण्याची नळी घेऊन, दुसरा आत विजेरी घेऊन. नळीच्या तोंडाला जोराची फवारणी लावू नये; जोराच्या झोताने चांगली रबरेही पाणी सोडतात आणि निष्कर्ष चुकतो. पाणी संथ, पावसासारखे वाहू द्यावे.

सर्वांत महत्त्वाचा नियम असा की, सुरुवात खालून करावी आणि हळूहळू वर जावे. आधी दाराखालचा भाग, मग दाराच्या कडा, मग काचेची खालची बाजू, मग तिचे कोपरे, शेवटी वरची कड आणि छप्पर. वरून सुरुवात केली तर पाणी एकाच वेळी सगळीकडे पसरते आणि कोणत्या फटीतून ते आत आले हे सांगता येत नाही. प्रत्येक ठिकाणी निदान पाच ते दहा मिनिटे पाणी सोडावे. आतल्या लांब वाटा पार करून थेंब बाहेर यायला वेळ लागतो. घाई केल्यास आधीच्या ठिकाणाचे पाणी पुढच्या ठिकाणाच्या नावावर जमा होते.

दोन-तीन ठिकाणांचा संशय असेल, तर त्या सर्वांवर रंगकामात वापरतात ती कागदी चिकटपट्टी लावावी आणि एकेक पट्टी काढून पाणी सोडावे. जी पट्टी काढल्यावर पाणी आले, ती जागा दोषी.

दारांच्या रबरांसाठी याहून सोपी परीक्षा आहे. कागदाची एक पट्टी दाराच्या फटीत ठेवून दार लावावे आणि पट्टी ओढावी. ती घट्ट आली तर रबर नीट दाबले जात आहे. अलगद निसटली तर तेथे फट आहे. दाराभोवती दर वीतभर अंतरावर ही परीक्षा करावी. रबराला खडू चोळून दार लावल्यास समोरच्या पत्र्यावर खडूची रेघ उमटते आणि जेथे ती तुटते तेथे स्पर्श होत नाही हे समजते.

डिकीसाठी अंधारात प्रखर दिवा आत ठेवून झाकण लावावे आणि बाहेरून प्रकाश कोठे झिरपतो ते पाहावे. माणसाला डिकीत बंद करून ही तपासणी करण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. ती धोकादायक आहे आणि टाळावी.

नेहमीची ठिकाणे आणि त्यांवरील उपाय

समोरची व मागची काच : या गाड्यांच्या काचा चिकटवलेल्या नसून रबराच्या चौकटीत बसवलेल्या असतात. उन्हाने रबर कडक होते, आक्रसते आणि कोपऱ्यांत उचलले जाते. काच आणि रबर यांमधून येणाऱ्या पाण्यापेक्षा रबर आणि पत्रा यांमधून येणारे पाणी अधिक घातक असते, कारण तेथील पत्रा दृष्टीआड गंजत राहतो. रबर थोडेसेच उचलले असेल, तर त्याच्या ओठाखाली कधीही कडक न होणारे काचेचे सीलंट भरल्याने काम भागते. रबराला चिरा गेल्या असतील, तर ते बदलणे हाच उपाय.

नवे रबर बसवताना अनुभवी कारागीर त्याच्या खाचेत सुतळी किंवा दोरी ओवतात, साबणाचे पाणी लावतात, काच बाहेरून टेकवतात आणि आतून दोरी ओढत नेतात. दोरीबरोबर रबराचा ओठ पत्र्याच्या कडेवर चढत जातो. काच काढलेली असताना तिच्या चौकटीची कड तपासण्याची संधी पुन्हा लवकर येत नाही. गंज असल्यास तो चमकता पत्रा दिसेपर्यंत काढावा, छिद्रे असल्यास नवा पत्रा वेल्डिंगने जोडावा, प्रायमर आणि रंग पूर्ण वाळू द्यावा आणि मगच काच बसवावी. गंजलेल्या कडेवर बसवलेले नवे रबर पुढच्या पावसात पुन्हा गळते.

दारे : दाराच्या आतील आच्छादनामागे मुळात जलरोधक कागद किंवा प्लास्टिकचा पडदा असतो. काच वर-खाली करणाऱ्या यंत्राच्या दुरुस्तीत तो फाडला जातो आणि बहुधा पुन्हा लावला जात नाही. मग दाराच्या पोकळीतील पाणी आच्छादन भिजवून थेट पायाशी उतरते. जाड प्लास्टिकचा नवा पडदा कापून चिकट पट्टीने लावावा. त्याची खालची कड दाराच्या पोकळीच्या आत वळवलेली असावी, म्हणजे त्यावरून ओघळणारे पाणी पोकळीतच परत जाते. याबरोबर दाराच्या तळाची छिद्रे लाकडी काडीने किंवा मऊ तारेने मोकळी करावीत.

दाराचे रबर बदलण्यापूर्वी दार उघडून त्याची मोकळी कड हाताने वर उचलून पाहावी. ती हलत असेल, तर बिजागरीची खीळ झिजली आहे. दार खाली आल्यामुळे रबरावर सारखा दाब पडत नाही. अशा वेळी नवे, जाड रबर लावून दार आपटत बसण्यापेक्षा बिजागरी दुरुस्त करणे योग्य.

छप्पराची पन्हळ : सामान ठेवण्याचा कॅरिअर या पन्हळीत अडकवला जातो. वर्षानुवर्षांच्या भाराने पन्हळ वाकते आणि तिच्या सांध्यातील जुने सीलंट तडकते. तडकलेले सीलंट खरवडून, जागा साफ करून आणि प्रायमर देऊन, रंग बसू शकेल असे पत्र्याच्या सांध्यांचे सीलंट भरावे.

इंजिनकडील पत्रा : बैठक आणि इंजिन यांमधील पत्र्यातून विजेच्या तारा, वेगमापकाची केबल आणि पेडलांचे दांडे जातात. प्रत्येक छिद्राला रबरी ग्रोमेट असतो. नवी तार ओढताना तो काढून टाकला जातो किंवा शेजारी नवे छिद्र पाडले जाते. छिद्राच्या मापाचा ग्रोमेट स्वस्तात मिळतो आणि तो तारेला पत्र्याची कड लागण्यापासूनही वाचवतो. काचेखालच्या भागात साचलेली पाने आणि माती प्रत्येक पावसाळ्यापूर्वी काढावी. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हा कचरा ओल्या स्पंजासारखा पत्र्याला चिकटून राहतो.

डिकी : येथील पाणी झाकणाच्या रबराइतकेच मागच्या दिव्यांच्या चौकटीतून येते. दिवा काढून त्याखालची पट्टी तपासावी. नवी पट्टी कापताना बंद छिद्रांचे रबर निवडावे. त्याची ओळख सोपी आहे: तुकडा पाण्यात बुडवून दाबावा, तो पाणी शोषून घेत असेल, तर तो साधा स्पंज आहे आणि गळती थांबवण्याऐवजी ओल धरून ठेवील.

तळ : तळाच्या पत्र्यातील रबरी बुचे जाग्यावर आहेत का ते पाहावे. चाकांवरील कमानींच्या जोडांवरील चिखल धुऊन सीलंटची स्थिती तपासावी.

काय करू नये

घरबांधणीत वापरले जाणारे, व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे सिलिकॉन पत्र्याजवळ वापरू नये. ते सुकताना ॲसेटिक आम्ल बाहेर टाकते आणि त्यामुळे उघड्या लोखंडाला गंज चढतो. शिवाय सिलिकॉनचा अंश राहिलेल्या पत्र्यावर पुढे रंग धरत नाही.

पाणी बाहेर जाण्याची छिद्रे कधीही बुजवू नयेत. गाडीच्या तळाला डांबरासारखा थर देताना ती बेमालूम बंद होतात आणि चांगल्या हेतूने केलेले काम गाडीचे आयुष्य घटवते. असा थर देण्यापूर्वी छिद्रांत काड्या खोचून ठेवाव्यात आणि नंतर काढाव्यात. गंजावरच असा थर दिल्यास त्याखाली ओल कोंडली जाते आणि गंज नजरेआड वाढत राहतो.

ओल्या गाडीवर प्लास्टिकचे आवरण घालू नये. आतली वाफ बाहेर पडू शकत नाही आणि गाडी दिवसभर दमट हवेत राहते. छताखाली, हवा खेळती राहील अशा जागी आणि सुती आवरणाखाली गाडी अधिक सुरक्षित असते.

गळती थांबल्यानंतर

दुरुस्ती झाली की तीच पाण्याची परीक्षा पुन्हा करावी. एका गाडीत दोन-तीन गळत्या असणे ही सामान्य गोष्ट आहे. मोठी थांबली की लहान दिसू लागते. म्हणून आच्छादने आणि चटया लगेच बसवू नयेत. एक-दोन पाऊस गाडी तशीच राहू द्यावी.

पत्र्यावर वरवरचा गंज असेल, तर तो घासून काढून गंजरोधक प्रायमर आणि रंग द्यावा. टोकदार हत्याराने टोचल्यावर पत्रा आत जात असेल, तर तेथे रंगाचा किंवा पुट्टीचा उपयोग नाही. तेवढा भाग कापून योग्य जाडीचा पत्रा वेल्डिंगने जोडावा लागतो. अशा कामाची आधीची आणि नंतरची छायाचित्रे जपून ठेवावीत. पुढे गाडीचा इतिहास सांगताना ती उपयोगी पडतात. पोकळ तुळयांमध्ये, त्या पूर्ण कोरड्या झाल्यावर, मेणयुक्त संरक्षक द्रव फवारता येतो. जुना नमदा परत न घालता नवा, सहज काढता येईल असा घालावा, म्हणजे दर पावसाळ्यात खालचा पत्रा पाहता येईल.

येथे सांगितलेले उपाय पावसाच्या गळतीसाठी आहेत. पुराच्या पाण्याची गोष्ट वेगळी. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या. अशा पाण्यात बुडालेली गाडी तपासणीशिवाय सुरू करू नये. इंजिनात पाणी गेले असल्यास ते कायमचे निकामी होऊ शकते.

पावसाळ्यापूर्वीचा एक दिवस

ॲम्बेसिडर आणि पद्मिनी या दोन्ही गाड्या आता कारखान्यातून येत नाहीत. जेवढ्या आहेत तेवढ्याच राहणार आणि दर पावसाळ्यात त्यांतील काही कमी होणार. त्या टिकवण्यासाठी फार मोठा खर्च करावा लागतो, असे नाही. मे महिन्याच्या अखेरीस एक दिवस काढावा. दारांची छिद्रे मोकळी करावीत, काचेखालची पाने काढावीत, बुचे आणि ग्रोमेट पाहावेत, चटई उचलून खालच्या पत्र्यावर हात फिरवावा. हात कोरडा निघाला तर गाडी पावसाला तयार आहे. ओला निघाला, तर सीलंटची नळी उघडण्याआधी खडूची भुकटी हाती घ्यावी आणि पाण्याला त्याची वाट विचारावी.